बहुमताची बेरीज

परीक्षेचा पेपर तीन तासांत संपतो असं ज्यांनी कधी परीक्षा दिली नाही त्यांनाच वाटतं. घंटा होते, उत्तरपत्रिका गोळा होतात, आणि मग सगळी मंडळी कॉलेजसमोरच्या हॉटेलात जमून खरा पेपर सोडवायला बसतात. आतल्या पेपराला निदान एकच परीक्षक असतो, आणि तो कुठंतरी लांब पंख्याखाली बसून तपासतो. हॉटेलातल्या पेपराला पन्नास परीक्षक असतात आणि ते जागेवर निकाल देतात. शहाण्या माणसानं घंटा झाली की सायकल काढावी आणि मागं न बघता घर गाठावं. जोतीराम गवसाने शहाणा होता असं त्याचं स्वतःचं मत होतं, आणि त्या मतापायीच तो त्या शनिवारी हॉटेलात शिरला.

जोतीराम काही विद्यार्थी म्हणावा असा इसम नव्हता. पस्तिशी उलटलेली, कानशिलावर पांढरं दिसू लागलेलं, शुक्रवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्या, बायको, दोन मुली आणि एका सूतगिरणीच्या हिशेब खात्यात कारकुनी. खात्याचे मुख्य शरणप्पा निवृत्तीला आले होते. त्यांच्यामागं त्यांच्या खुर्चीवर जोतीराम बसणार हे सगळं खातं धरून चाललं होतं, कारण काम तोच करायचा आणि शरणप्पा सही करायचे. पण मुंबईहून नवा मॅनेजर आला आणि त्यानं फळ्यावर कागद डकवला की यापुढं मुख्य हिशेबनीस बी.कॉम.च असेल, तोही सेकंड क्लास. शरणप्पा स्वतः मॅट्रिक होते, पण ते इंग्रजांच्या वेळचे मॅट्रिक, त्यामुळं त्यांना कुणी काही विचारलं नाही. जोतीरामाला विचारलं. मग त्यानं बहिस्थ विद्यार्थी म्हणून नाव घातलं, पहाटे उठून अभ्यास केला, पहिली वर्षं कशीबशी ढकलली आणि शेवटच्या परीक्षेपर्यंत येऊन पोचला. तो आणि ती खुर्ची यांच्यामध्ये आता एवढी एक परीक्षा उरली होती.

बहिस्थ असला तरी तो सकाळच्या खाजगी शिकवणीला जायचा. तिथली विशीतली पोरं त्याला काका म्हणत. ते त्याला मुळीच आवडत नसे, पण एखाद्यानं "काका, एवढा घसारा बघा की" म्हणून वही पुढं केली की तो विरघळायचा.

अकाउंट्सचा पेपर कठीण होता. कठीण म्हणजे पहिल्याच तासात दोन पोरं घेरी येऊन पडली. अर्थात एप्रिलमधलं सोलापूर, तेव्हा हे काम उन्हाचं की पेपराचं हे काही ठरलं नाही. चाळीस मार्कांचा एक प्रश्न होता. एका व्यापाऱ्याचा वर्षअखेरचा हिशेब मांडा, नफा काढा, ताळेबंद जुळवा. खाली टिपांची रांग, आणि शेवटच्या टिपेत गोम. वर्ष संपता संपता चार हजार चारशेचा माल गोदामात येऊन पडला होता. शिल्लक मालात तो मोजलेला होता, पण खरेदीच्या वहीत चढायचा राहिला होता. टीप वाचून जोतीरामाला हसू आलं. गिरणीत दर मार्चला कापसाच्या गाठी अशाच बिलाच्या आधी येऊन पडतात, आणि दर मार्चला तो एकच गोष्ट करतो: माल आला म्हणजे आला, तो खरेदीत धरायचा आणि ज्यानं पाठवला त्याचं देणं मांडायचं. इथंही त्यानं तेच केलं. ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंना एक लाख बेचाळीस हजार सहाशे आले. दोन्ही बाजू पहिल्या फटक्यात जुळण्याचं सुख फार थोड्यांच्या नशिबी असतं. स्वतःच्या लग्नात पत्रिका जुळली तेव्हाही जोतीरामाला इतकं बरं वाटलं नव्हतं.

हे सुख वाटून घ्यायला शेजारी कुणी नव्हतं. कॉलेजची पोरं मोठ्या हॉलमध्ये होती आणि बहिस्थांचे नंबर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागले होते. तिथले बाकीचे उमेदवार तासाभरात घाम पुसत उठून गेले, आणि जोतीराम एकटाच बाटल्यांच्या रांगेसमोर शेवटपर्यंत लिहीत बसला. म्हणून तो हॉटेलात शिरला. त्याला कुणीतरी विचारायला हवं होतं.

हॉटेलात बाकावर उभा राहून वीरभद्रप्पा हत्तुरे बोलत होता. हा वर्गातला हुशार मुलगा. दर परीक्षेत पहिला, केस तेल लावून चापून बसवलेले, खिशाला दोन पेनं.

"किती आली?" तो विचारायचा.

"एक अडतीस दोनशे," खालून उत्तर यायचं.

"तुझी?"

"एक अडतीस दोनशे."

कोपऱ्यातून, दारातून, भजी तळली जात होती तिथून, सगळीकडून एक लाख अडतीस हजार दोनशे. जो तो आकडा सांगून शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारत होता. जोतीरामानं घसा साफ केला आणि वडीलधाऱ्या माणसाला शोभेल अशा सावकाश आवाजात सांगितलं, "एक बेचाळीस सहाशे."

सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. शिवयोगी नावाचा एक मुलगा होता, मनानं चांगला, पण मनातलं तोंडात आल्याशिवाय राहायचं नाही. तो जवळ येऊन म्हणाला, "काका, तुमाला बहुतेक दुसराच पेपर दिला असंल की."

मग चर्चा झाली. चर्चा म्हणजे सगळे एकदम बोलले. जोतीरामानं प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागं मांडून दाखवलं. माल गोदामात आहे ना, मग तो आपला, आणि त्याचे पैसे देणं आहे. वीरभद्रप्पानं तितक्याच शांतपणे समजावलं, "खरेदीच्या वहीत नाही तो माल आपला नाही काका. तो शिल्लक मालातनं उडवायचा. म्हणून आमचे चार हजार चारशे कमी."

"आमच्या गिरणीत दर मार्चला..." जोतीरामानं सुरुवात केली.

"गिरणीत चालत असंल," शिवयोगी म्हणाला. "हे विद्यापीठ हाय की."

हे वाक्य जोतीरामाला लागलं. त्यानं चहा मागवला. हॉटेलचा मालक स्वतः कप घेऊन आला आणि फार सहानुभूतीनं म्हणाला, "घंटा झाल्यापासून सगळी पोरं अडतीसच म्हणाल्यात साहेब. बेचाळीस तुमीच पहिले." म्हणजे भज्यांच्या कढईसमोर बसणाऱ्या माणसानंही आपलं मत टाकलं. मागून कुणीतरी सांगितलं की परीक्षक मधलं काही वाचतच नाही, तो फक्त शेवटचा आकडा बघतो. जुळला तर सदतीस-अडतीस मार्क, नाही तर भोपळा. हे कुणी कधी पाहिलं होतं ते ठाऊक नाही, पण सगळ्यांना ते माहीत होतं. चाळीस मार्क गेले म्हणजे सेकंड क्लास गेला. जोतीरामानं चहा तसाच ठेवला.

घरी त्यानं प्रश्न पुन्हा सोडवला. एक बेचाळीस सहाशे. टिपा उलट्या क्रमानं घेऊन सोडवला, एक बेचाळीस सहाशे. चूक सापडली असती तर त्याला जेवण तरी गेलं असतं. बायको मथुरा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "दोन येळा तेच आलं म्हनल्यावर बरोबरच असंल की."

"अगं, हॉलभर पोरांचं एक उत्तर आलंय. सगळी चुकतील आणि मी एकटा बरोबर, असं कधी होतं का?"

"मला काय त्यातलं कळतंय? मंगळवारी पुढचा पेपर हाय, तेवढा नीट द्या म्हंजे झालं."

रविवारी सकाळी तो शिकवणीच्या सरांकडं गेला. सर डोक्याला तेल चोपडून, पंचा लावून पाटावर बसले होते. त्यांनी प्रश्न वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "यात दोन व्ह्यू आहेत."

"बरोबर कोणता, सर?"

"तसं पाहिलं तर दोन्ही. लेखाशास्त्रात कसं असतं, दृष्टीवर असतं."

"पण लिहायचा कोणता?"

"विद्यार्थ्यानं शक्यतो बहुमताबरोबर जावं," सर म्हणाले आणि पाणी तापलं का ते बघायला आत गेले. ते बाहेर येण्याची वाट बघत जोतीराम बराच वेळ बसला. न्हाणीघरातून स्तोत्र ऐकू येऊ लागलं तेव्हा तो उठला.

तिथून तो शरणप्पांकडं गेला. शरणप्पांनी पान लावता लावता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं गवसाने. आपण हेच करतो की." जोतीरामाचा जीव भांड्यात पडला. मग त्यानं हॉलभर पोरांचं सांगितलं. शरणप्पांचा चुना लावणारा हात थांबला.

"सगळ्यांचं एकच आलं?"

"सगळ्यांचं."

"मग इतकी वर्षं आपलंच चुकत आलं असणार," शरणप्पा एकदम हळू आवाजात म्हणाले. "गवसाने, हे मॅनेजरसाहेबांच्या कानावर घालू नका हं. निवृत्तीच्या तोंडावर नसती भानगड नको." माणूस सल्ला मागायला जातो आणि सल्लागारालाच धीर देऊन परत येतो, तशातली गत. गिरणीचे जुने ताळेबंद कुणी उघडणार नाही अशी खात्री जोतीरामानं त्यांना दिली, तेव्हा कुठं त्यांना सल्ला सुचला. "तुम्ही असं करा, ड्रॉप घ्या."

ड्रॉप घेणं ही त्या काळची एक प्रतिष्ठित गोष्ट होती. पेपर अवघड गेला की हुशार मुलगा उरलेले पेपर द्यायचा नाही आणि ऑक्टोबरला पुन्हा बसायचा. नुसता पास क्लास एकदा कपाळी बसला की जन्मभर पुसता येत नाही. त्यापेक्षा सहा महिने थांबून क्लास मिळवावा, असा त्यातला हिशेब. नापास झालेला पोरगा बोळातून घरी जायचा आणि ड्रॉप घेतलेला पोरगा संध्याकाळी तळ्यावर इस्त्रीचे कपडे घालून फिरायचा. शरणप्पा म्हणाले, "ऑक्टोबरला बसा, डिसेंबरात निकाल. तोवर मी खुर्ची सोडत नाही. शब्द देतो."

तरीही जोतीरामाचं ठरलं नव्हतं. ते ठरवलं शेजारच्या सावित्रम्मानं. दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आणि त्या भिंतीला सावित्रम्माचे कान. रविवारी संध्याकाळी ती वाटीभर शेंगाचटणी घेऊन आली आणि मथुराला म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नको बाई. पास-नापास चालायचंच. पोरी लहान आहेत, एवढंच जरा वाटतं." सोमवारी सकाळी दूधवाला दूध घालताना म्हणाला, "पुढच्या टायमाला व्हईल साहेब." कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं दाढी करता करता आपला मेहुणा तीनदा नापास झाल्याची हकीकत सांगितली आणि तो आता किती सुखात आहे तेही सांगितलं. निकालाला दोन महिने अवकाश होता आणि सगळी गल्ली जोतीरामाला नापास करून मोकळी झाली होती.

अर्ध्या दाढीनं जोतीराम म्हणाला, "नापास कोण झालंय? मी ड्रॉप घेतोय."

न्हाव्याचा वस्तरा थांबला. खुर्चीमागं वाट बघत बसलेल्या दोघांनी मान वर केली. "असं होय," न्हावी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आदर आला. तो आदर जोतीरामाला इतका गोड लागला की परतताना त्यानं दूधवाल्याला गाठून सांगितलं, आणि सावित्रम्माला ऐकू जाईल अशा बेतानं घरात मोठ्यानं सांगितलं. इतक्या लोकांना सांगितल्यावर आता पेपर द्यायला जाणं शक्यच नव्हतं. मथुरानं तेवढ्यात विचारलं, "फी भरलीया न्हवं? मग जाऊन बसायला काय जातंय?" त्यावर तो म्हणाला की यात तत्त्वाचा प्रश्न आहे. कोणतं तत्त्व ते तिनं विचारलं नाही, ते बरं झालं.

दुपारी वीरभद्रप्पा आणि शिवयोगी घरी आले. वीरभद्रप्पाचा चेहरा उतरलेला होता. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "काका, गिरणीत खरंच तसं करतात? गाठी आल्या की खरेदीत धरतात?"

"करतात. पण ते गिरणीत."

"ते झालंच," वीरभद्रप्पा म्हणाला आणि जरा वेळ नखं बघत बसला. "पण तुमच्यासारख्या अनुभवी माणसाचं वेगळं उत्तर येतं म्हणजे प्रश्नच संदिग्ध आहे, असं मला वाटतं. विद्यापीठाला अर्ज करू. अडतीस दोनशे लिहिणाऱ्यांचे मार्क कापू नयेत म्हणून. तुमचं इंग्रजी गिरणीच्या पत्रव्यवहाराचं, आमच्या कुणाला तसं येत नाही."

वास्तविक सगळ्यांचं उत्तर बरोबर असेल तर अर्ज कशाला, एवढा प्रश्न जोतीरामाला पडायला हरकत नव्हती. पण त्याचं लक्ष 'अनुभवी' या शब्दापाशी अडकलं होतं. त्यानं टेबल पुढं ओढलं, शिवयोगीला पंख्यानं वारा घालायला बसवलं आणि अर्ज लिहिला. काय अर्ज होता तो. खरेदीच्या वहीत न चढलेला माल शिल्लक मालातून वजा करणं हेच कसं सरळ, नैसर्गिक आणि सदसद्विवेकबुद्धीला धरून आहे, हे त्यानं अशा काही जोरकस इंग्रजीत मांडलं की लिहून होईतो त्याचं स्वतःचंही मत पूर्ण बदललं. आपण एक बेचाळीस सहाशे लिहिलंच कसं, याचं त्याला नवल वाटू लागलं. निघताना शिवयोगी म्हणाला, "काका, ड्रॉप घेतला ते लई बेस केलं. ऑक्टोबरला तुमी पहिले येता बगा." त्याला ते अगदी मनापासून वाटत होतं.

मंगळवारी ऑडिटिंगचा पेपर. ऑडिटिंग जोतीरामाचा हातखंडा विषय. पोरं आत गेली आणि जोतीराम अर्जाचा कागद, पेन आणि शाईची दौत घेऊन फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत बसला. पेपर सुटला की सह्या घ्यायच्या असं ठरलं होतं. तो तीन तास आधीच येऊन बसला, कारण घरी बसला असता तर मथुरा समोर होती.

पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला तेव्हा हॉलचा पाणीवाला बिरप्पा विडी ओढायला बाहेर आला. बुटका, मिशाळ माणूस, खांद्यावर ओला पंचा. त्यानं जोतीरामाला ओळखलं. प्रयोगशाळेत एकट्या बसलेल्या साहेबाला त्यानं शनिवारी पाणी पाजलं होतं.

"आज भाईर कसं काय साहेब?"

"ड्रॉप घेतलाय," जोतीराम म्हणाला. आदरासाठी क्षणभर थांबला, पण बिरप्पाला ड्रॉपबद्दल काही माहिती दिसली नाही.

"बरं झालं. आज काय काम बी न्हाय मला. आज कायतरी ल्ह्यायचा पेपर हाय म्हनं, आकडंच न्हाईत. शनवारी मातर जीव गेला माजा."

"का? ऊन होतं म्हणून?"

"ऊन तर हायच की. पर समद्यास्नी पानी पायजे, आन् पान्यासंगट आकडा पायजे. त्यो हत्तुऱ्याचा पोरगा हाय न्हवं, त्येनं मला येकदा कानात सांगिटला. येक लाख अडतीस हजार दोनशे. म्या म्हनलं, लक्षात कसा ऱ्हायचा? मंग त्वांडानं जप करीतच फिरलो. ज्याला पेला दिला त्याला आकडा दिला. सायेब लोक म्हनत्यात, पानी पाजायला कसली बंदी?" बिरप्पानं विडीचा झुरका घेतला. "तुमच्या तितं यायचं ऱ्हाऊन गेलं बगा. म्हंजे पानी दिलं, पर तुमी मान वर केली न्हाई, म्हनून बोललो न्हाई म्या."

जोतीरामाला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि तो ताडकन उठून उभा राहिला. हॉलभर पोरांचं उत्तर एक आलं नव्हतं. एकाचं उत्तर आलं होतं आणि बाकीच्यांनी ते पाण्याबरोबर घेतलं होतं. आणि ज्याचं आलं होतं तो काल घरी येऊन गिरणीत कसं करतात ते विचारून गेला होता.

"किती वाजले?" जोतीरामानं विचारलं. बिरप्पाकडं घड्याळ नव्हतं. जोतीराम पळत सुटला. पस्तिशीपुढचा, दोन पोरींचा बाप, अर्ज आणि शाईची दौत हातात तशीच. हॉलच्या दारात पर्यवेक्षक उभे होते. त्यांनी त्याचं ओळखपत्र बघितलं, घड्याळ बघितलं आणि नियम सांगितला की अर्ध्या तासानंतर कुणाला आत घेता येत नाही.

"साहेब, माझं उत्तर बरोबर आहे," जोतीराम धापा टाकत म्हणाला.

"कशाचं?"

"अकाउंट्सचं."

"आज ऑडिटिंग आहे," पर्यवेक्षक म्हणाले. त्यांनी त्याला सावलीत बसायला सांगितलं आणि बिरप्पाला पाणी आणायला पाठवलं. जोतीरामानं ते प्यायलं नाही. उघड्या दारातून त्याला वीरभद्रप्पाची पाठ दिसत होती. तो खाली मान घालून भराभर लिहीत होता. एक पेपर बुडाला म्हणजे क्लास बुडाला. आता पुढचे दिले काय आणि न दिले काय.

तो अर्ज त्यानं फाडून टाकायला हवा होता. फाडला नाही. पेपर सुटल्यावर पोरांनी तो त्याच्या मांडीवरून उचलला, एकमेकांच्या पाठीवर ठेवून सह्या केल्या आणि पाठवून दिला. जोतीरामानं वीरभद्रप्पाला बाजूला घेऊन विचारलं. वीरभद्रप्पानं नाही म्हटलं नाही. "मी फक्त शेजारच्याला सांगायला लावला होता काका," तो म्हणाला. "बिरप्पानं गावजेवण घातलं. आणि शनिवारी मला माझंच बरोबर वाटत होतं, शपथेवर सांगतो. शंका रविवारी आली."

"मग मला का नाही सांगितलंस? सोमवारी घरी आला होतास."

"तुम्ही तर ड्रॉप घेतला होता. म्हटलं, आता सांगून उगीच तुम्हाला त्रास."

निकाल जूनमध्ये लागला. विद्यापीठानं अर्जाचा विचार केला होता. विचार करणं भागच पडलं असणार, अर्जाची भाषाच तशी होती. प्रश्न संदिग्ध ठरवून दोन्ही उत्तरं ग्राह्य धरण्यात आली आणि वीरभद्रप्पासकट पोरं सुटली. जोतीरामाच्या गुणपत्रिकेत अकाउंट्सच्या रकान्यात इतके मार्क होते की शिकवणीचे सर ती चार जणांना दाखवत फिरले आणि हा मुलगा आपलाच असं सांगू लागले. त्याच्या खालच्या रकान्यांत मात्र 'गैरहजर' लिहिलं होतं. सावित्रम्मा म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं." काय म्हटलं होतं ते तिला सांगता आलं नाही.

शरणप्पांनी शब्द दिला होता आणि तो मोडायची त्यांची इच्छा नव्हती. पण त्यांची सून हुबळीला बाळंत झाली, नातू झाला, आणि नातवाचं तोंड बघायला गेलेले शरणप्पा तिकडूनच राजीनामा पाठवून मोकळे झाले. मॅनेजरनं वर्तमानपत्रात जाहिरात दिली. सेकंड क्लास बी.कॉम. पाहिजे, अनुभवाची आवश्यकता नाही. आषाढात एका सकाळी भोंगा झाल्यावर जोतीराम खात्यात शिरला, तर शरणप्पांच्या खुर्चीवर खिशाला दोन पेनं लावून वीरभद्रप्पा हत्तुरे बसला होता. जोतीरामाला बघून तो उठून उभा राहिला.

"काका, तुम्ही इथं आहात म्हणूनच मी अर्ज केला," तो म्हणाला. तेही खोटं नव्हतं.

मुलगा वाईट नव्हता, हीच अडचण होती. उर्मट असता तर जोतीरामाला त्याचा मनसोक्त द्वेष करता आला असता. पण तो रोज काका म्हणायचा, चहा मागवला की दोन मागवायचा, आणि न येणारी प्रत्येक गोष्ट वही घेऊन विचारायला यायचा. न येणाऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या. जोतीराम शिकवत गेला. घरी येऊन मथुराला सांगायचा, "आज त्याला खतावणी दाखवली." मथुरा ऐकत ऐकत ताट वाढायची. एकदा मात्र म्हणाली, "पगार त्येला आन् शिकवनी तुमची."

ऑक्टोबरची फी त्यानं भरली होती. पुस्तकं पुन्हा खाली काढली होती. परीक्षेला महिना उरला तेव्हा त्यानं रजेचा अर्ज लिहिला आणि रिवाजाप्रमाणे मुख्य हिशेबनिसाच्या पुढं ठेवला. वीरभद्रप्पानं तो वाचला, दार लोटून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"काका, रजा देतो की. तुम्हाला नाही म्हणणारा मी कोण? पण सहामाही हिशेब नेमके त्याच दिवसांत द्यायचेत. मला त्यातलं धड काही येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्याशिवाय हे खातं चालत नाही."

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य जोतीरामाला कुणी म्हटलं नव्हतं. शरणप्पांनी नाही, मॅनेजरनं नाही, मथुरानंही नाही. ते ऐकायला तो किती आसुसला होता हे त्याला स्वतःलाही ऐकल्यावरच कळलं. यात आपण फसतोय हेही त्याला कळत होतं. तरी त्यानं हात पुढं करून अर्ज परत घेतला, चौघडी घातली आणि म्हणाला, "एप्रिल आहेच की. तू काळजी करू नको."

घरी गेल्यावर मथुरानं पुस्तकं माळ्यावर टाकली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

सहामाही हिशेब त्यानं एकट्यानं केले. मुदतीच्या आधी केले, एक खोडाखोड न करता केले, आणि वीरभद्रप्पानं प्रत्येक पानावर सही केली. दोघं मिळून ते मॅनेजरच्या खोलीत घेऊन गेले. मॅनेजरनं पानं चाळली, शेवटचा आकडा बघितला आणि चष्मा काढला.

"पाहिलंत, गवसाने? शिकलेला माणूस आणला की कसा फरक पडतो. शरणप्पांच्या काळात कधी झाले होते का हिशेब असे वेळेवर?"

झाले होते. दर सहामाहीला झाले होते, आणि दर सहामाहीला जोतीरामानंच केले होते. त्यानं वीरभद्रप्पाकडं बघितलं. वीरभद्रप्पाचे ओठ हलले, तो काहीतरी बोलणार असं वाटलं. मग तो मॅनेजरकडं वळून म्हणाला, "थँक यू सर."

"तुम्हीही शिकून घ्या यांच्याकडून," मॅनेजर जोतीरामाला म्हणाला. "शिकायला वय आडवं येत नाही."

जोतीरामाच्या अंगाचा भडका उडाला. टेबलावरचे हिशेब उचलून टराटरा फाडावेत असं त्याला वाटलं. या दोघांना त्यांच्याच खुर्च्यांवर बसवून पहिल्या पानापासून बेरजा करायला लावाव्यात, असंही वाटलं.

"घेतो साहेब," तो म्हणाला. बाहेर पडताना वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून त्यानं ते हातानं धरून हळूच लावून घेतलं.